आई पाणी का पीत नाही, हे आधी विचारा

पत्र : आई ७४ वर्षांची, गावात एकटी राहते. दोन महिन्यांत दोनदा पडली, दोन्ही वेळा पहाटे अंगणात. उठलं की चक्कर येते म्हणते. रक्तदाबाची गोळी चालू आहे. पाणी पी म्हटलं तर ऐकत नाही, माझ्याकडे चल म्हटलं तर विषय बदलते. भाऊ म्हणतो, हट्टी झालीय. बळजबरीने घेऊन येऊ का?

उत्तर : ताई, बळजबरी नको. दोन्ही वेळा पहाटे, दोन्ही वेळा अंगणात, हे तुम्हीच लिहिलंय. त्या वेळी आई निघाली कुठे होती? बहुधा संडासला. तो घरापासून लांब असला की गावाकडच्या कितीतरी म्हाताऱ्या बायका एक हिशेब करतात : पाणीच प्यायचं नाही, म्हणजे रात्री उठायला नको. भाऊ ज्याला हट्ट म्हणतो, तो हा हिशेब असण्याची शक्यता जास्त.

हिशेब चुकतो, ही गोष्ट वेगळी. वयाबरोबर तहान मुळातच कमी लागते. त्यात पाणी तोडलं की बद्धकोष्ठता होते, लघवी घट्ट होऊन मूत्राशयाला टोचते आणि उलट जास्त वेळा जावंसं वाटतं. अंगात पाणी कमी, वर रक्तदाबाची गोळी, त्यामुळे झटकन उभं राहिलं की दाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून नुसतं ‘पाणी पी’ म्हणून भागणार नाही.

दोन-तीन दिवस जाऊन राहा. भाऊ बरोबर असेल तर त्याला बाहेर पाठवा आणि मग विचारा : रात्री किती वेळा उठतेस? खोकताना कपडे ओले होतात का? अंग (गर्भाशय) बाहेर येतं का? हे बायका वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाहीत, कारण कुणी विचारलेलंच नसतं. अंग बाहेर येत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ आत बसवायची रिंग देतात. प्रत्येकीला शस्त्रक्रिया लागत नाही. नुसती गळती असेल तर लघवी रोखताना आवळतो ते स्नायू पाच सेकंद आवळायचे, पाच सेकंद सोडायचे. असं दहादा, दिवसातून तीनदा. फरक दिसायला तीन महिने लागतात, तोवर सोडू देऊ नका.

रात्री तिच्याबरोबर उठून संडासपर्यंत चालत जा. तिच्या एका हातात पाण्याची बादली, दुसऱ्या हातात बॅटरी, म्हणजे भिंत धरायला हातच उरत नाही. संडासात झाकणाची टाकी ठेवा आणि ती दिवसाच भरून ठेवायची सोय लावा. वाटेवर बल्ब लावा, त्याचं बटण खाटेवरून हाताला येईल असं हवं. पायऱ्यांच्या कडांना पांढरा पट्टा मारा. मोतीबिंदू असेल तर एकाच रंगाची पायरी दिसतच नाही. संडासात धरायला लोखंडी पाइप हवा, मुठीत नीट मावेल असा, साडेतीन सेंटिमीटर जाडीचा. टॉवेलचा दांडा चालत नाही, अंगाचा भार पडला की तो उपटून येतो. मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाहीत. तिथे जमिनीत दीड-दोन फूट खोल, सिमेंटमध्ये खांब रोवा.

रात्रीपुरती खाटेशेजारी भांडं बसवलेली कमोडची खुर्ची ठेवा. पाठ भिंतीला, पायांना रबर. आई नाक मुरडेलच. पावसाळ्यापुरती वापरून बघ म्हणा.

एवढं झालं की मग पाण्याचं बोला. दिवसभरात सहा-सात पेले, त्यातले बहुतेक संध्याकाळच्या आत. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांनाच विचारा. पाय सुजत असतील तर दुपारी तासभर उशीवर वर ठेवून पडू दे. पायांत साचलेलं पाणी दिवसाच उतरतं, नाहीतर रात्री आडवं झाल्यावर लघवीवाटे निघतं.

रक्तदाब एकदा पाच मिनिटं आडवं झाल्यावर मोजून घ्या, मग उभं राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर गोळ्यांचा कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. त्यातली एखादी लघवी वाढवणारी असेल तर ती सकाळी घेता येईल का, हेही विचारा. स्वतःहून काही बंद करू नका. उठताना आधी खाटेच्या कडेला दोन मिनिटं बसायचं आणि पावलं वर-खाली हलवायची.

पडताना डोकं आपटलं होतं का? तसं असेल तर नंतर काही आठवडे डोकेदुखी, गुंगी किंवा बोलण्यात गोंधळ यांवर लक्ष ठेवा. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर लक्षणांची वाट न पाहताच दाखवा.

तुमच्याकडे आणायचं नंतर बघू. हे सगळं करूनही ती पडत राहिली, चूल विझवायला विसरू लागली किंवा ओळखीची वाट चुकू लागली, तर एक महिना राहायला बोलवा. घराची किल्ली तिच्याकडेच राहू द्या.