वाचकांचे प्रश्न: वाफेच्या रेडिएटरवर व्हॉल्व चुकीच्या जागी बसलाय

प्रश्न: काका नमस्कार, आम्ही जर्सी सिटीत जुन्या बिल्डिंगमधे भाड्याने राहतो, वाफेवरचं हीटिंग आहे. बेडरूम इतकी तापायची की जानेवारीतही खिडकी उघडी टाकून झोपायचो, म्हणून मालकांनी प्लंबरकडून थर्मोस्टॅटिक व्हॉल्व, म्हणजे खोलीच्या उबेप्रमाणे आपोआप उघडणारा-मिटणारा व्हॉल्व, बसवून घेतला. तेव्हापासून रात्री दोन-दोन वाजता पाइपात हातोडा मारल्यासारखी ठणठण, रेडिएटर अर्धा गरम अर्धा गार, आणि बाजूच्या छोट्या शिट्टीतून पाणी उडून खालचं लाकूड काळं पडलंय. साताऱ्याहून आलेले बाबा दचकून उठतात हो! रेडिएटरला पाइप एकच आहे आणि नवा व्हॉल्व त्याच पाइपावर आहे. व्हॉल्व खराब निघाला का?

उत्तर: ताई, व्हॉल्व खराब नाहीये, जागा चुकलीय. एकाच पाइपाच्या रेडिएटरमधे वाफ ज्या वाटेने वर येते त्याच वाटेने थंड होऊन झालेलं पाणी खाली बॉयलरकडे जातं, भातावरच्या ताटलीचे थेंब परत पातेल्यात पडतात ना, तसंच. त्या वाटेवर थर्मोस्टॅटिक व्हॉल्व बसवला की तो अर्धवट मिटतो, पाणी अडतं आणि येणारी वाफ ते पाणी उचलून आपटते, तुमची ठणठण तीच. म्हणून पाइपावर साधा व्हॉल्व हवा आणि तो पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद, मधे कधीच नको.

थर्मोस्टॅटिक व्हॉल्व जातो समोरच्या टोकाला, जिथे ती शिट्टी म्हणजे एअर व्हेंट आहे तिथे. आधी रेडिएटर, मग हा व्हॉल्व, मग व्हेंट. खरी गंमत इथेच आहे, तो वाफ अडवत नाही, हवा अडवतो! आतली हवा बाहेर गेली नाही तर वाफेला आत यायला जागाच उरत नाही. पण रेडिएटर एकदा वाफेने भरला की बॉयलर थांबेपर्यंत व्हॉल्वच्या हातात काही नाही, तेवढं धरून चला.

मालकांना सांगा की एका पाइपाच्या वाफेसाठीचाच, व्हॅक्यूम ब्रेकरवाला व्हॉल्व आणा. वाफेचं पाणी झालं की आत पोकळी होते, ब्रेकर तिथे हवा आत सोडतो, तो नसेल तर पाणी नीट उतरत नाही. गरम पाण्याच्या सिस्टिमचा चालणार नाही. व्हॉल्वचं डोकं, म्हणजे खोलीची ऊब ओळखणारा भाग, आडवं, खोलीच्या बाजूला, वर तोंड केलं तर रेडिएटरचीच ऊब लागून तो खोली गार असतानाच बंद होतो. पडद्याच्या मागेही नको. व्हेंट मात्र उभाच. दोन पाइपांच्या रेडिएटरला मात्र थर्मोस्टॅटिक व्हॉल्व वाफ येणाऱ्या पाइपावर बसतो, बहुतेक तुमच्या प्लंबरच्या डोक्यात तेच असणार.

तुम्ही स्वतः पाना लावू नका हं, बॉयलर सगळ्या बिल्डिंगचा आहे आणि वाफ 100 अंशांच्या वर असते. तो बंद करून, रेडिएटर हाताला गार लागल्यावरच उघडायचं. त्याच वेळी रेडिएटरवर लेव्हल (उतार बघायची बुडबुड्याची पट्टी) ठेवायला सांगा, उतार पाइपाच्या बाजूला हवा, नसेल तर व्हेंटकडच्या पायांखाली लाकडाची पातळ चकती सरकवली की काम होतं. बॉयलरचं प्रेशरही विचारा, 2 पीएसआयच्या (दाब मोजायचं एकक) वर नको. एवढं करूनही शिट्टीतून पाणी उडत राहिलं तर व्हेंटमधे घाण बसलीय, नवीनच लावून घ्या.