थडग्यावरचा ‘कॉन्फर्ट’ आणि ‘रेलिक्ट’

प्रश्न असा आला आहे : बॉस्टनच्या ग्रॅनरी दफनभूमीतल्या फोटोंत बायकांच्या थडग्यांवर कुठे ‘कॉन्फर्ट ऑफ’ अमुक, तर कुठे ‘रेलिक्ट ऑफ’ तमुक असं दिसतं. पहिलं ‘कम्फर्ट’चं जुनं स्पेलिंग का? आणि दुसऱ्याचा ‘रेलिक’शी, म्हणजे अवशेषाशी, काही संबंध?

पहिलं नाही. दुसरं हो, दोन्ही एकाच लॅटिन क्रियापदाची लेकरं.

तुम्ही एफ वाचलात तो एस आहे. अठराव्या शतकात शब्दाच्या सुरुवातीचा किंवा मधला छोटा एस असा उभा, लांब काढत. एफची आडवी रेघ दांड्याच्या आरपार जाते. या एसला ती नसतेच, किंवा डावीकडे नुसतं टोक फुटलेलं असतं. फोटो मोठा करून बघा. तिथले जुने दगड बहुतेक स्लेटचे, म्हणजे आपल्या पाटीच्याच जातीचे, त्यामुळे तीनशे वर्षांनीही अक्षर शाबूत असतं.

तर शब्द ‘कन्सॉर्ट’. लॅटिनमध्ये ‘कॉन’ म्हणजे सोबत आणि ‘सॉर्स’ म्हणजे वाट्याला आलेली चिठ्ठी, नशीब. कन्सॉर्ट म्हणजे नशिबाची वाटेकरीण. गंमत म्हणजे ‘सौभाग्यवती’च्या पोटातही वाटून देणारा ‘भज्’ धातूच आहे.

‘रेलिक्ट’ मागे सोडणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला. मागे राहिलेली, म्हणजे विधवा. आपण मृत्युलेखात ‘त्यांच्या पश्चात पत्नी’ लिहितो, तोच ‘पश्चात’ इथे बाईची ओळख होऊन बसला आहे.

म्हणून दगड वाचताना ढोबळ खूण अशी : ‘कन्सॉर्ट’ असेल तर बाई नवऱ्याआधी गेली, ‘रेलिक्ट’ असेल तर नवरा आधी. सौ. आणि गं. भा. यांचीच ही जोडी म्हणा ना! पुरुषाच्या दगडावर कॅप्टन, डीकन असं काय काय असतं, बायको आधी गेल्याची खूण मात्र नावाला चिकटत नाही. आपल्याकडेही श्री. शेवटपर्यंत श्री.च.

पण ही खूण डोळे झाकून वापरू नका. व्हर्जिनियात माउंट व्हर्ननला जॉर्ज वॉशिंग्टनशेजारी त्यांच्या पत्नीची संगमरवरी शवपेटी आहे. तिच्यावर ‘मार्था, कन्सॉर्ट ऑफ वॉशिंग्टन’ असं कोरलंय. वॉशिंग्टन गेले डिसेंबर १७९९ मध्ये, मार्थाबाई मे १८०२ मध्ये. हिशेबाने त्या रेलिक्ट. राष्ट्रपुरुषाच्या शेजारी ‘विधवा’ कोरणं बरं वाटलं नसावं, असा माझा आपला अंदाज. बरं, त्याच पेटीवर त्यांच्या मृत्यूचं साल १८०१ दिलंय, तेही चुकीचं. तेव्हा बाईच्या दगडावरचा शब्द टिपून घ्या आणि नवऱ्याच्या दगडावरची तारीख पाहूनच मग वंशावळीत लिहा.