नऊ वर्षांच्या मुलीला योगवर्गात पाठवावे का? त्याचा नेमका लाभ काय?

ऐरोलीतील आपल्या सोसायटीत मुलांसाठी संध्याकाळचा योगवर्ग सुरू झाला आहे आणि चौथीतील मुलीला तिथे पाठवल्यास तिची उंची वाढेल का, चष्म्याचा नंबर उतरेल का आणि अभ्यासात लक्ष लागेल का, असे आपण विचारले आहे. मी ठाण्यात नौपाड्यात शाळकरी मुलांना योगासने शिकवते. हेच तीन प्रश्न मला नव्या पालकांकडून नेहमी ऐकावे लागतात, म्हणून सविस्तर लिहिते.

उंचीचे आणि चष्म्याचे उत्तर नकारार्थी आहे. उंची ठरते ती आनुवंशिकतेने, आहाराने, झोपेने आणि हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चेने. ताडासन कितीही वेळ केले तरी ती कूर्चा लवकर वाढत नाही. पोक काढून बसणारे मूल ताठ उभे राहू लागले की उंच दिसते, एवढे मात्र खरे. लहान वयातला लघुदृष्टीचा नंबर बहुधा बुबुळामागचा नेत्रगोल लांबल्यामुळे येतो आणि तो त्राटकाने, म्हणजे एका बिंदूकडे टक लावून पाहण्याने, मागे जात नाही. नंबर लागण्याचे प्रमाण कमी राहण्यास मदत होते ती मुलांनी रोज काही वेळ उघड्यावर, दिवसाच्या उजेडात घालवल्याने. कोणी वर्गाची जाहिरात चष्मा घालवण्याच्या नावाने करत असेल, तर तिथे पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसऱ्या प्रश्नापाशी मात्र थांबायला हवे, कारण मुलांच्या बाबतीत योगाचे खरे देणे तिथेच आहे. नवीन आलेल्या मुलाला ‘दीर्घ श्वास घे’ म्हटले की ते खांदे कानांपर्यंत उचलते, पोट आत ओढते आणि छाती फुगवून तसेच उभे राहते. त्याला आपण उताणे झोपवतो, पोटावर एक वही ठेवतो आणि श्वास घेताना वही वर जाऊ दे, सोडताना हळूहळू खाली येऊ दे, असे सांगतो. पहिले काही श्वास वही डुगडुगते, मूल हसते, वही घसरून पडते. नंतर ती संथपणे वर-खाली होऊ लागते आणि खोलीतला आवाज आपोआप कमी होतो. उच्छ्वास लांबवला की हृदयाची गती थोडी मंदावते आणि शरीराला विश्रांतीकडे नेणाऱ्या परानुकंपी मज्जासंस्थेचे काम वाढते. परीक्षेच्या सकाळी पोटात गोळा येणाऱ्या, किंवा भावंडाशी भांडून धुसफुसत बसलेल्या मुलाला स्वतःला शांत करण्याचे असे एक साधन मिळते, ज्यासाठी त्याला कोणाची परवानगी किंवा मदत लागत नाही. मला हा लाभ इतर सर्व लाभांपेक्षा मोलाचा वाटतो.

लक्ष एकाग्र होण्याचेही असेच. वृक्षासनात एका पायावर उभे राहिलेली मुले समोरच्या भिंतीवरच्या एखाद्या ठिपक्याकडे पाहत असतात तोवर स्थिर असतात. शेजारची मैत्रीण किती वेळ उभी आहे हे पाहायला मान वळवली की पाय टेकलाच. लक्ष भरकटले की शरीर ते ताबडतोब दाखवून देते, आणि मुलालाही ते ओरडा न खाता कळते. यातून गणिताचे गुण वाढतील, असे आश्वासन मी देणार नाही. शाळकरी मुलांवर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष आशादायक असले, तरी त्यांतले बरेचसे लहान आहेत. हरिद्वार येथे 8 ते 13 वर्षांच्या 98 मुलांवर झालेला, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला विशेष बोलका वाटतो. त्यात तीन महिने एका गटाला योग आणि दुसऱ्याला नेहमीचा शारीरिक व्यायाम देण्यात आला. दोन्ही गटांत सुधारणा दिसली, आणि समवयस्कांमधला आत्मविश्वास व्यायामाच्या गटात अधिक आढळला.

म्हणून योगवर्ग लावला तरी खेळ बंद करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल सुचवली आहे. आसने बहुतेक सौम्य हालचालीत मोडतात. धावण्या-पळण्याची जागा ती घेऊ शकत नाहीत. मात्र आपल्याकडे पावसाचे चार महिने पोडियमवर पाणी साचलेले असते आणि मुले घराच्या हॉलमध्ये मोबाईल घेऊन बसतात, तेव्हा एका चटईपुरत्या जागेत होणारा हा व्यायाम फार उपयोगी पडतो.

दप्तराचा आणि बाकावर तासन्‌तास बसण्याचा परिणामही वर्गात दिसतो. पाय पसरून बसून पुढे वाकण्याच्या पश्चिमोत्तानासनात अनेक मुलांचे हात पायांच्या बोटांपर्यंत पोहोचत नाहीत, कारण मांडीमागचे स्नायू आखडलेले असतात. अशा वेळी ती पाठीची कमान करून झुकतात. त्यांना गुडघे किंचित वाकवू द्यावेत, पाठ दाबून खाली ढकलू नये. भुजंगासन आणि मार्जारासन नियमित केल्यास आखडलेल्या पाठीला मोकळेपणा येतो. त्याबरोबरच दप्तराचे वजनही तपासावे. 2020 च्या राष्ट्रीय शालेय दप्तर धोरणानुसार ते मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, म्हणजे 25 किलोच्या मुलीसाठी अडीच किलो.

वर्ग निवडताना शिक्षकांना काही गोष्टी जरूर विचाराव्यात. या वयात श्वास रोखून धरण्याचे कुंभक, जोरकस कपालभाती आणि शीर्षासन शिकवू नये, असे मी मानते. गुणगुणत श्वास सोडण्याची भ्रामरी आणि श्वास न रोखता केलेले अनुलोम-विलोम पुरेसे आहे. सूर्यनमस्कार अवश्य असावेत. औंध संस्थानात तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते शाळांमध्ये रुजवले आणि आजही रथसप्तमीला आपल्या शाळा ते घालून घेतात; पण एरवी न करणाऱ्या मुलीकडून त्या दिवशी एकदम मोठा आकडा गाठून घेऊ नये. स्पर्धात्मक योगासनांना 2020 मध्ये खेळ म्हणून मान्यता मिळाली असली, तरी ती वेगळी वाट आहे. वर्गातले शिक्षक सारखे फोटोसाठी पाय मानेपर्यंत न्यायला लावत असतील, तर तिथून मुलीला काढून घ्यावे.

वर्ग संध्याकाळी असल्याने शाळेतून आल्यावर पोटभर जेवण देऊ नये. केळे किंवा मूठभर चुरमुरे द्यावेत आणि मध्ये तासभर जाऊ द्यावा. तिला दमा असेल किंवा पूर्वी हाड मोडले असेल, तर ते पहिल्याच दिवशी शिक्षकांना सांगावे आणि डॉक्टरांनी दिलेला इनहेलर योगाच्या भरवशावर बंद करू नये.