उत्पत्ती पहिल्यांदा वाचताय? आधी एवढंच करा

तुम्ही बायबल वाचायला त्यातल्या पहिल्या पुस्तकापासून, म्हणजे उत्पत्तीपासून, सुरुवात केली हे वाचून खूप बरं वाटलं. बहुतेक नवीन लोक पहिल्याच पानावर अडकतात, देवाने जग घडवलं ते सहा दिवस म्हणजे २४ तासांचेच का, डायनासोर कुठे बसवायचे, आणि मग वाचनच थांबतं. हा वाद आजचा नाही हो, ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडितालासुद्धा सुमारे १६०० वर्षांपूर्वी हे दिवस साधे दिवस वाटत नव्हते, तेव्हा तो प्रश्न सध्या बाजूला ठेवा.

पहिला अध्याय मोठ्याने वाचा. पहिल्या तीन दिवसांत जागा तयार होतात, पुढच्या तीन दिवसांत त्या भरतात: उजेड मग सूर्यचंद्र, आकाश नि पाणी मग पक्षी नि मासे, जमीन मग जनावरं आणि माणूस. 'चांगले आहे' किती वेळा येतं ते मोजा, सात वेळा. त्या काळी आजूबाजूचे लोक सूर्यचंद्राला देव मानायचे आणि इथे त्यांना नुसत्या मोठ्या-लहान ज्योती म्हटलंय, मला तर हे दरवेळी नव्याने भिडतं.

दोन चुका टाळा:
- दुसरा अध्याय (२:४ पासून, म्हणजे अध्याय २, वचन ४) पहिल्यात कोंबू नका. तिथे निर्मितीचा क्रम वेगळा आहे, तो वेगळा वाचा.
- पहिल्या अध्यायात देव माणसाला 'सत्ता चालवा' म्हणतो, त्याचा अर्थ वाट्टेल तसं ओरबाडा असं नाही, २:१५ मध्ये माणसाला बागेची मशागत आणि राखण करायला ठेवलंय.

आणि १:२७ वर थांबा, घाई नको. देवाच्या प्रतिरूपात स्त्री-पुरुष दोघंही, म्हणजे ज्याच्याशी तुमचं पटत नाही तोसुद्धा. मूळ हिब्रू भाषेतले शब्द वगैरे नंतर बघू, आधी आठवडाभर रोज हेच वाचा आणि काय वाटलं ते सांगा.