पाच मिनिटांचं भाषण आणि एक वही

नाशिक, २० एप्रिल

पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. १ मेला कंपनीत झेंडावंदन झाल्यावर कामगारांच्या वतीनं पाच मिनिटं बोलायला तुला सांगितलंय, आणि 'काका, तुम्हीच छानसं लिहून द्या' असं तुझं म्हणणं. लिहून देणार नाही. रागावू नकोस. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींतल्या शेडमध्ये चाळीस वर्षं काढली, तेवढ्यात ही भाषणं मला तोंडपाठ झालीत. श्रमाची प्रतिष्ठा, घामाचे मोती, कंपनी म्हणजे एक कुटुंब; मग पेढा आणि कोल्ड्रिंक. तासांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. आणि हा कामगार दिन तर मुळात कामाच्या तासांवरूनच सुरू झाला.

अमेरिकेतल्या कामगार संघटनांनी १८८४ मध्ये ठराव केला की १ मे १८८६ पासून कामाचा दिवस आठ तासांचा. तोवर दहा-बारा तास राबणं रोजचंच होतं. तारीख उजाडली तसे लाखो लोक संपावर गेले, सगळ्यात जोर शिकागोत. ३ मेला मॅकॉर्मिकच्या कारखान्यापाशी पोलिसांनी गोळ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी हेमार्केट चौकात निषेधाची सभा झाली, ती संपत आलेली असताना कुणीतरी पोलिसांवर बाँब टाकला. कुणी, ते आजवर सिद्ध झालेलं नाही. तरी आठ जणांवर खटला चालला. चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ ला फाशी दिली, एकानं आदल्या दिवशी तुरुंगातच जीव दिला. उरलेल्या तिघांना १८९३ मध्ये तिथल्या गव्हर्नरनं माफी दिली आणि खटलाच न्यायानं चालला नव्हता असं लिहून ठेवलं. मधल्या काळात, १८८९ मध्ये पॅरिसला भरलेल्या समाजवाद्यांच्या परिषदेनं १ मे ही तारीख जगभरासाठी धरली आणि पुढच्या वर्षापासून मोर्चे निघू लागले.

गंमत म्हणजे खुद्द अमेरिकेत कामगारांची सुट्टी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी असते. न्यूयॉर्कमध्ये ५ सप्टेंबर १८८२ ला मोर्चा निघाला होता, तिथून ती चालत आली. देशभराचा कायदा झाला १८९४ मध्ये, ज्या वर्षी रेल्वेचा मोठा संप मोडायला सरकारनं सैन्य पाठवलं त्याच वर्षी. सरकारला कामगारांचा दिवस चालत होता, शिकागोची आठवण नको होती, असं आपलं माझं मत.

आपल्या देशात पहिला मे दिन १९२३ ला मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर कामगार नेते सिंगारवेलूंनी साजरा केला. पण भाषणात शिकागो आणि मद्रास एकेका वाक्यात उरक. नाव घ्यायचं ते नारायण मेघाजी लोखंड्यांचं. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक, आणि आधी मुंबईच्या एका गिरणीत स्टोअरकीपर. १८८४ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी परळला सभा भरवली. मागण्या काय होत्या बघ: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सूर्यास्ताला काम बंद, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, अपघात झाला तर भरपाई. साडेपाच हजार गिरणीकामगारांनी सह्या, अंगठे दिले. रविवारची सुट्टी मिळाली १० जून १८९० ला. रविवार हा खंडोबाचा वार, आमच्या लोकांना देवाला जायचं असतं, असंही त्यांनी मालकांना पटवलं म्हणून सांगतात. देवळालीला खंडोबाच्या टेकडीवर रविवारी गर्दी दिसली की मला हटकून लोखंडे आठवतात.

काळाराम मंदिराचा सत्याग्रह तुला माहीतच आहे, मार्च १९३० चा. तो उभा करणारे बाबासाहेब पुढे १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले ते त्यांच्या खात्यानं आणलेल्या १९४६ च्या दुरुस्तीनं. आपल्या नाशिकच्या पोराबाळांना सत्याग्रह पाठ असतो, ४८ तास माहीत नसतात.

आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. त्यासाठी ज्यांनी लाठ्या-गोळ्या खाल्ल्या त्यांत मुंबईचे गिरणीकामगार मोठ्या संख्येनं होते. त्यामुळे आपल्याकडे एका सुट्टीत दोन दिवस येतात. साहेब महाराष्ट्र दिनावर बोलतीलच, दुसरा तुझ्यासाठी मोकळा आहे.

आता भाषण सोडून बोलतो. साधारण तुझ्याच वयाचा असताना मी सातपूरला एका लहानशा वर्कशॉपमध्ये प्रेसवर होतो. आठ तास भरले की कार्ड पंच करायचं आणि परत मशीनवर यायचं, अशी तिथली पद्धत. जादा कामाचे, म्हणजे ओव्हरटाइमचे, पैसे दिवाळीत एकदम देऊ म्हणाले. दिवाळीत हिशेब मागितला तर रजिस्टर पुढे केलं: रोज आठ तास, खाली माझीच सही. भांडणार कशाच्या जोरावर? तिथंच माझ्या जोडीदाराचं बोट गेलं, अकराव्या तासाला. कागदावर तो त्या वेळी घरी होता.

तेव्हापासून मी खिशात छोटी वही ठेवतो. तूही ठेव. आत आल्याची वेळ, सुटल्याची वेळ, जादा थांबवलं तर कुणाच्या सांगण्यावरून, एवढंच रोज लिहायचं. मोबाइलमध्ये नको, फोन बदलतो. जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चार नव्या श्रमसंहिता आल्यात, दिवसाच्या तासांवर पुन्हा खल चाललाय. पण जादा कामाला दुप्पट मजुरी १९४८ च्या कारखाने कायद्यात होती आणि नव्यातही आहे. पगाराची स्लिप आली की वहीशी ताडून बघ. कोऱ्या रजिस्टरवर सही मागितली तर 'भरून द्या, मग करते' असं गोडीत सांग. ट्रेनी आहेस, आवाज चढवायची गरज नाही.

तुझा भाऊ मेनरोडला दुकानात आहे ना? त्यालाही सांग. वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील (२०२५ पर्यंत ही अट दहाची होती) तर २०१७ च्या दुकाने कायद्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या भरपगारी सुट्ट्या आहेत. त्या दिवशी बोलावलं तर दुप्पट पैसे आणि वर बदली सुट्टी. दोन्ही. मालक बहुतेक एकच सांगतात.

एका वाक्यात सिन्नरच्या विडी वळणाऱ्या बायाही भाषणात येऊ देत. त्यांना पैसे हजार विड्यांवर मिळतात, घरी बसून; त्यांचं घड्याळ कोण बघणार? तुमच्या कँटीनला भांडी घासणाऱ्या मावशींना त्या दिवशी सुट्टी आहे का, तेही आधी विचारून ठेव. नसेल तर पेढे वाटताना नजर चोरावी लागेल.

मालकाच्या आवारात मालकाच्या नावानं शंख कर, असं मी म्हणत नाही. लोखंड्यांचा रविवार सांग. त्याला कुणी हरकत घेणार नाही आणि ज्याला कळायचं त्याला बरोबर कळेल.

मसुदा झाला की या रविवारी ये. चारनंतर ये मात्र, दुपारी मी झोपतो. वही घेऊन ये.

तुझा,
काका