मुलगी हळवी आहे, नर्सिंग झेपेल का?

प्रश्न : मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. तिला बी.एस्सी. नर्सिंगच करायचं आहे. आमच्या ओळखीतली एक मुलगी खासगी हॉस्पिटलातली नोकरी दीड वर्षात सोडून घरी बसली. आमची तर फारच हळवी आहे. तिला या क्षेत्रात पाठवावं का? – एक आई, लातूर

उत्तर : ताई, जरूर पाठवा. पेशंटची कळ जाणणारी नर्स वॉर्डला हवीच असते. खरी काळजी घ्यायची ती हॉस्पिटल निवडताना. त्या ओळखीतल्या मुलीला एकदा विचारा, एका शिफ्टला तुझ्याकडे किती पेशंट असायचे?

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांनुसार जनरल वॉर्डात पाच पेशंटमागे एक नर्स हवी, शिकवणाऱ्या हॉस्पिटलात तिनांमागे एक. माझ्याकडे येणाऱ्या मुली मात्र रात्री अख्खा वॉर्ड एकटीने सांभाळल्याचं सांगतात. इंजेक्शनं, सलाईन, नोंदी, नातेवाइकांची चिडचिड, यात डबा तसाच राहतो. त्याहून जास्त लागतं ते हे, की म्हाताऱ्या पेशंटची कूस बदलायला हवी हे कळत असतं आणि तिथवर पोचताच येत नाही. रोज असं झालं की कणखर मुलगीही खचते. पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. नर्सकडे एक पेशंट वाढला की ती कामाने पार थकून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते आणि शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटच्या मृत्यूची ७ टक्क्यांनी, असं त्यात दिसलं. मुलीच्या स्वभावाला दोष देण्याआधी हे आकडे पाहा.

कॉलेज निवडताना त्याचं स्वतःचं, पेशंट असलेलं हॉस्पिटल आहे ना, हे जाऊन बघा. पुढे नोकरीच्या इंटरव्ह्यूला तिने बिनधास्त विचारावं : ड्यूटी आठ तासांची की बारा, सलग नाइट किती, सुई टोचली तर तपासणी आणि औषधं कोण देतं, हिपॅटायटिस बीची लस मिळते का, नातेवाईक अंगावर आले तर कोणाला बोलवायचं. (महाराष्ट्रात २०१० पासून यासाठी कायदा आहे आणि तो नर्सनाही लागू आहे.) शक्य झालं तर तिथल्या एखाद्या सिस्टरशी बाहेर चहाला भेटावं, वॉर्डची इनचार्ज कशी आहे हे तिथेच कळतं, आणि माझ्या मते पगाराइतकंच ते महत्त्वाचं आहे. मूळ सर्टिफिकेटं कोणाकडेही ठेवायला देऊ नयेत.

सरकारी नोकरीतही गर्दी आहेच, पण पगार आणि रजा हक्काच्या असतात. त्या परीक्षांची तयारी शेवटच्या वर्षापासून करू द्या.

आणि ताई, नाइट करून आलेल्या मुलीला दिवसा झोपू द्या. पाहुणे, स्वयंपाक, बँकेची कामं तिच्यावर नकोत. कधी ‘सोडू का?’ म्हणाली, तर आधी वॉर्ड किंवा हॉस्पिटल बदलता येईल का, ते दोघी मिळून बघा.