फिकट लाकडाच्या पेनात उठून दिसण्यासाठी कोणतं गडद लाकूड घ्यावं? एबनीच हवी का?

एबनीच हवी असं काही नाही. मेपलच्या पेनात बारीक काळी पट्टी बसवायची आहे असं तुम्ही लिहिलंय, आणि त्यासाठी माझी पहिली पसंती आफ्रिकन ब्लॅकवूडला. क्लॅरिनेट आणि ओबो ज्याचे बनतात तेच हे लाकूड. घनमीटरला साधारण १२७० किलो, त्यामुळे पाण्यात टाकलं तर बुडतं. पोत इतका घट्ट की छिद्रं नजरेला जाणवत नाहीत आणि पट्टीची कड स्वच्छ निघते. एबनीही देखणी, पण तिला उष्णता सोसत नाही. लेथवर पॉलिश पेपर दाबून धरला की आतली पितळी नळी तापून प्रसरण पावते, वरचं पातळ लाकूड सुकून आक्रसतं आणि केसासारखी चीर पडते. ती वापरणारच असाल तर दमानं घासा, अधूनमधून थांबून निवू द्या.

वेंगे या रेघांच्या गडद लाकडाचं नाव बरेच जण सुचवतील. मला पातळ पट्टीसाठी ते पटत नाही. त्याची छिद्रं मोठी, कडेचे कपचे उडतात, आणि दोन-तीन मिलिमीटरात त्याच्या रेघा दिसायला जागाच उरत नाही. अख्ख्या पेनाला मात्र छान.

खरी डोकेदुखी वेगळीच असते: भुसा. काळ्या लाकडाची पूड घासताना मेपलच्या रेषांत जाऊन बसते आणि पांढरा भाग मळकट राखाडी दिसू लागतो. पडाउक तर याहून वाईट, त्याचा लाल रंग स्पिरिटमध्ये विरघळून शेजारी पसरतो. म्हणून पटाशीला उत्तम धार लावून शक्य तितकं काम तिनेच संपवा. मग सगळ्यावर पातळ सुपरग्लूचा एक हात देऊन छिद्रं बुजवा आणि त्यानंतरच पेपर घ्या. पूड हवेच्या झोताने उडवा. ओल्या फडक्याने पुसलीत तर ती आणखी आत जाईल. तोंडावर मास्क हवाच. ब्लॅकवूड, शिसवी यांच्या धुळीची अनेकांना ॲलर्जी होते.

रंग ठरवताना कोऱ्या तुकड्यावर जाऊ नका. दोन्ही लाकडांवर थोडं स्पिरिट फिरवा, पॉलिशनंतरचा रंग साधारण तसाच असतो. मग मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. रंग गेल्यावर दोन्ही तुकडे सारखेच करडे दिसले, तर ती जोडी हातभर अंतरावरून एकजीव दिसणार. आणि पुढच्या काही वर्षांचाही विचार करा: अक्रोड उजेडाने फिकट होतो, चेरी गडद होते, म्हणजे ही दोघं हळूहळू एकमेकांकडे सरकतात. पर्पलहार्टचा जांभळा तपकिरीकडे झुकतो. ब्लॅकवूड काळंच राहतं.

चिकटवण्याआधी ब्लॅकवूडवर ॲसिटोन फिरवा, कारण ते तेलकट असतं. ॲसिटोन उडालं की लगेच एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) लावा, रेंगाळलात तर तेल पुन्हा वर येतं.

परदेशातून मागवणार असाल तर एक गोष्ट: शिसवी आणि ब्लॅकवूड ज्या डाल्बर्जिया गटातली, त्यातल्या जवळपास सगळ्या जाती २०१७ पासून साइट्स (CITES, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो. तयार पेनांना एका खेपेत १० किलो लाकडापर्यंत सूट आहे, कोऱ्या तुकड्यांना नाही. विकणाऱ्याकडे तो परवाना आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा.